चोरीची गुलबक्षी

२० फेब्रुवारी १९८८, बोईसर

मामंजी आले. हे पहाटे स्टेशनवर जाऊन घेऊन आले. एक ट्रंक, एक पिशवी आणि गोणपाटात बांधलेलं काहीतरी. म्हसवडचं शिलाईचं दुकान बंद करून, मशीनवर चादर घालून, घराला कुलूप लावून आलेत. पण चेहरा असा, की दोन दिवसांच्या लग्नाला आलोय आणि परवा निघणार. डोळ्यांनी हल्ली सुईत दोरा जात नाही, एकटं राहणं धोक्याचं, म्हणून ह्यांनी आग्रह करून आणलं. मला मनातून धाकधूक. दोन खोल्यांचं क्वार्टर, त्यात सासरा.

गोणपाटातलं मी भाजीच्या टोपलीत ठेवलं. काळपट, मातीनं माखलेलं, मुळ्यापेक्षा चांगलं जाड. गावाकडचं रताळं असेल म्हटलं. दुपारी धुऊन विळीवर धरणार तेवढ्यात मामंजी ओरडले, "आगं ए! ती तुझी सासू हाय!"

विळीवर बोट कापता कापता राहिलं.

गुलबक्षीचा गड्डा होता. सासूबाईंनी लावलेली. त्यांच्या अंगणात दुष्काळात बाकी सगळं गेलं, हा एकच गड्डा टिकला, तो मामंजींनी खणून सोबत आणला. सासूबाईंना मी लग्नात पाहिलं तेवढंच. पुढे चार महिन्यांत त्या गेल्या. ह्यांना सांगितलं तर हे हसून हसून आडवे. मला नाही आलं हसू.

२२ फेब्रु.

गड्डा लावला. क्वार्टरपुढच्या तुकड्यात सगळा भरावाचा मुरूम. वर समुद्राचा खारा वारा, खालून कारखान्याची धूळ. कॉलनीत कुणाचंच काही धड येत नाही. शेजारच्या तिवारीभाभींचे गुलाब दर वर्षी एप्रिलमध्ये काड्या होतात.

मामंजींनी गळ्यातली टेप काढून भिंतीपासूनचं अंतर मोजलं! दुकान बंद झालं तरी टेप गळ्यात आहेच. खड्डा खोल, भोवती ताटासारखं गोल आळं, कडा थापून गुळगुळीत. आळं खरंच देखणं झालं. कपड्याला गळा कापावा तसं गोल.

तिवारीभाभी कुंपणावरून, "चाचाजी, ये तो जंगली पौधा है, अपने आप उगता है।" मामंजींना हिंदी येत नाही, त्यांनी हसून मान हलवली.

६ मार्च

भांडण झालं असतं आज. होता होता राहिलं.

सकाळी नळ येतो तो जेमतेम अर्धा तास. मी भांडी घासताना नळ सोडून ठेवला, तर मागून हात आला आणि नळ बंद. एकदा नाही, तीनदा. मी वाईची. कृष्णेच्या घाटावर वाढलेली. पाणी मोजून वापरायचं हे मला ठाऊकच नाही. डोकं फिरलं. "मामंजी, मला कामं उरकायची आहेत."

"कर की. भांडी पान्यानं न्हाई, हातानं निगत्यात."

स्वतः अंघोळ करतात ती एका पितळी तांब्यात! खोटं नाही. एक तांब्या, एक फडकं, आणि बाहेर येतात ते लख्ख. चूळ भरतात ती आळ्यात. जेवून हात धुतात ते आळ्यात. तांदळाचं धुवण मी मोरीत ओतलं तर असं बघतात की मी दूध ओतलंय. आता आम्ही तिघंही जेवून उठून बाहेर जातो आणि गुलबक्षीवर हात धुतो. कॉलनीत चर्चा असणार.

साबणाचं पाणी मात्र नाही. "तिला साबन आवडत न्हाई." तिला म्हणजे झाडाला की सासूबाईंना, विचारलं नाही.

१६ मार्च

कोंब आला! लालसर, बोटाच्या पेराएवढा. मा. नी मला हाक मारून दाखवला. स्वतःला नीट दिसत नाही, बोटानं चाचपून सांगत होते. परवा पाडवा. श्रीखंड करायचं ठरलंय.

३ एप्रिल

मा. ना घेऊन पालघरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉ. म्हणाले, पावसाळा संपला की दिवाळीच्या सुमाराला ऑपरेशन करून टाकू, नाहीतर वर्षभरात पुढ्यातलं ताट दिसायचं नाही.

मा. घरी येऊन म्हणाले, "दिवाळीपत्तोर कोन ऱ्हातंय? खंडेनवमीला मशीन पुजायचं हाय. दसऱ्याच्या आधी म्या म्हसवडात."

हे म्हणाले, "आबा, तिथं एकटे कसे राहाल? स्टोव्ह पेटवायचा, आडाचं पाणी काढायचं..."

"बापू, म्या तुला ईचारलं न्हाई."

बापापुढे ह्यांची मान वर होत नाही. रात्री मला म्हणाले, काहीतरी करून आबांना इथं थांबवायला हवं. ते "काहीतरी" माझ्यावर सोपवून झोपी गेले. महिन्यापूर्वी मला हा माणूस कधी जातो असं झालं होतं. आज तो जाणार म्हटल्यावर मला झोप लागेना. माझं मलाच नवल वाटतंय.

२४ एप्रिल

उकाडा. नळ दोन दिवसांआड. टँकरवर बायकांची धक्काबुक्की. भाभींचे गुलाब यंदाही गेले.

गु.ब. मात्र! दुपारी बघावं तर पानं लुळी, अशी मान टाकते की वाटतं संपली. मी आत जाऊन तांब्याभर पाणी आणते, तर मा. हात आडवा करतात. "थांब. ती नाटक करतीया." आणि ऊन उतरलं की खरंच ताठ उभी! पाणी न देता. गड्ड्यात साठवून ठेवते आणि लागेल तेवढंच खर्च करते, म्हणाले. मी भिंतीला टेकून बघत राहिले. एवढ्या रखरखाटात एवढं हिरवं कॉलनीत दुसरं काही नाही.

माणूसही तसाच आहे. स्वतःला काही मागत नाही.

२ मे

फुलली!! संध्याकाळी जनरल शिफ्ट सुटायचा भोंगा झाला आणि एकेक कळी उघडायला लागली. ह्यांना फाटकातच थांबवून दाखवली. पिवळ्यावर राणी रंगाचे शिंतोडे. आणि एक फूल असं, की बरोबर निम्मं पिवळं, निम्मं राणी.

मा. नी ते खुडलं नाही, नुसतं हातावर घेतलं. "दोन कापडं जोडल्यावानी. आन शिवन कुठं दिसत न्हाई. चाळीस वर्सं शिवलं म्या, पर हे जमलं न्हाई."

ते म्हणतात, हा रंग सगळ्या गुलबक्षीला नसतो. ही तिचीच.

९ मे

आज मी जे पाहिलं ते लिहून ठेवायलाच हवं.

मा. ओट्यावर बसून गुलबक्षीची वेणी करत होते. दोरा नाही, सुई नाही. फुलांचे लांब देठ एकमेकांत अडकवत, केसांची वेणी घालावी तशी. डोळे मिटलेले. शिंप्याची बोटं, त्यांना डोळे लागतच नाहीत. मी वाईला लहानपणी करायचे, पण माझी दोन मिनिटांत सुटायची. मामंजींची हलवून पाहिली तरी घट्ट.

"तुम्हाला कुणी शिकवलं?"

"तिला रोज करून द्यायचो. दुकान बंद करून आलो की. लोक हसायचे."

लोक हसायचे आणि तरी रोज. म्हसवडसारख्या गावात, भर अंगणात, नवरा बायकोसाठी वेणी करत बसलाय! माझ्या बाबांनी आईला कधी बाजारातून गजरा आणलेलाही आठवत नाही.

वेणी सासूबाईंच्या फोटोला घातली. फोटो ट्रंकेतून काढून मामंजींनी पहिल्याच दिवशी खिळ्याला लावलाय. मग उरलेल्या फुलांची छोटी वेणी करून माझ्यापुढे धरली. "ही तुला." मी पाया पडले. उगीचच.

२४ मे

गु.ब.ला बिया धरल्या. काळ्या, सुरकुतलेल्या, अगदी मिरी. मा. नी सगळ्या गोळा करून करवंटीत घातल्या आणि करवंटी कुंपणाच्या कडेला, रस्त्यावरून हात पोचेल अशी ठेवली. मला वाटलं विसरले. आत आणून ठेवली, तर पुन्हा बाहेर नेऊन ठेवली.

दुपारी खिडकीतून बघते तर तिवारीभाभी! इकडेतिकडे बघून मूठभर बिया पदरात. मी बोलायला निघाले, तर मा. नी मला खूण केली आणि स्वतः भिंतीआड सरकले. भाभी गेल्या तेव्हा बाहेर आले. खूश.

म्हणे गुलबक्षी मागून नेली तर धरत नाही. चोरून नेली तरच जीव धरते. ज्याच्या दारी आहे त्यानं फक्त पाठ फिरवायची. सासूबाईंनी सुद्धा चोरलेली! नवीन लग्न झालेलं, लोणंद स्टेशनात गाडीची वाट बघत होते, तिथल्या बागेत ही दुरंगी फुललेली. सासूबाई उकिडव्या बसून हेअरपिननं गड्डा उकरतायत आणि मा. पहारा करतायत.

"स्टेसनमास्तर आला. म्या त्येला टाइम ईचारला. समोर येवढं मोटं घड्याळ! त्यो म्हनला, दिसत न्हाई व्हय?"

हे सांगताना मा. इतके हसले की खोकला आला. मीही. पोट दुखेपर्यंत.

३० मे

हिराताई आली होती, आमची मासळीवाली. किनाऱ्यावरच्या घिवलीहून पाटी घेऊन येते. मी मासळी करायला शिकले ती तिच्यामुळेच. मा. बाजूला बसून नाक दाबतात, पण तिच्याशी बोलतात. दोघांचं एकमेकांना निम्मं समजतं.

"वयनी, आता दर्या बंद. नारली पुनवेपर्यंत आमी नाय येनार. सुकं घेऊन ठेवा."

जाताना पाटी डोक्यावर चढवायला मी हात दिला. ती वळली आणि हळूच करवंटीत हात घातला. कनवटीला काय लावलं ते मी पाहिलं, तिनंही मी पाहिल्याचं पाहिलं. दोघी मान फिरवून उभ्या राहिलो. मा. आभाळाकडे बघत होते. नाटकात घ्यायला हवं ह्यांना.

करवंटी संपली. एक बी ठेवली नाही त्यांनी घरात. "सोताच्या दारच्या सोता कशा चोरायच्या?"

४ जून

मा. नी पावसाच्या तयारीनं आळं मोठं केलं. कडा वीतभर उंच केल्या. मुरूम चाळून, पाणी शिंपडून, थापून थापून.

मी म्हटलं, "मामंजी, इथला पाऊस वेगळा असतो. पाणी साचून राहील."

ते खुळ्यासारखे माझ्याकडे बघायला लागले. "पानी साचल्यानं कदी काय मेलंय व्हय?"

काय सांगणार? माणदेशात जन्म गेला. एक सर येते, ती धरून ठेवायची, एक थेंब वाहून जाऊ द्यायचा नाही. ही ह्यांची पूजा.

२६ जून

धो धो. कॉलनीच्या रस्त्यावर पोटरीएवढं. आळं काठोकाठ भरलेलं. मा. छत्री घेऊन तिथंच उभे. "बग, बग कशी पितीया! जल्मात पयल्यांदा पोटभर मिळालं बग तिला."

इतका आनंद मी त्यांच्या तोंडावर पाहिला नव्हता. फुलली त्या दिवशीसुद्धा नाही.

१२ जुलै

खालची पानं पिवळी. मा. खोलीत असताना मी खुरप्यानं आळ्याच्या कडेला चर पाडला. पाणी भळाभळा वाहून गेलं. संध्याकाळी बघते तर चर बुजवलेला, वरून हातानं थापलेला. त्यांना वाटलं पावसानंच कड फुटली.

ह्यांना म्हटलं, तुम्ही सांगा. हे म्हणाले, "आबांना? पाणी सोडून द्या म्हणून? मी?"

१९ जुलै

मी सांगितलं. सरळ. मामंजी, ती पाण्यानं कुजतेय. ते हसले. "तू नदीकाठची. तुला पान्याची किंमत न्हाई."

लागलं मनाला.

३० जुलै

गेली.

सकाळी मा. नी आधाराला काठी लावायला म्हणून खोड धरलं, तर खोड हातात आलं. मग दोन्ही हातांनी उकरलं. गड्ड्याचा नुसता लगदा. वास. आळ्यात पडलेल्या बियांचे कोंब होते तेही सगळे काळे पडलेले.

मातीचे हात तसेच घेऊन ओट्यावर बसले. भिजत. "पान्यानं मेली," एवढंच. पुन्हा पुन्हा. "दोन दुष्काळ काढले तिनं. आन पान्यानं मेली. म्या मारली."

मी पदरानं हात पुसले त्यांचे. त्यांनी पुसू दिले.

९ ऑगस्ट

मा. च्या गळ्यात टेप नाही.

आज ते अंघोळीला गेले आणि आतून पाण्याचा आवाज येत राहिला. बादली भरून वाहत होती, नळ तसाच. मी बाहेर उभी होते. बंद करा म्हणवेना. मोरीतून सगळं पाणी वाहून गेलं आणि मला रडू फुटलं. पहिल्या महिन्यात ह्याच माणसानं माझा नळ बंद केला म्हणून मी चिडले होते.

मा. ह्यांना म्हणाले, दसऱ्याच्या दोन दिवस आधीचं तिकीट काढून ठेव.

२८ ऑगस्ट

काल नारळी पौर्णिमा. नारळीभात केला. मा. नी दोन घास खाल्ले.

भाभींच्या तेलाच्या डब्यात गुलबक्षी फुललीय! मी धावत जाऊन मा. ना हाताला धरून आणलं. सगळी फुलं सरळ राणी रंगाची. एकावरही पिवळा नाही. मा. नी डोळ्याजवळ नेऊन पाहिलं. "ब्येस हाय. पर ही ती न्हवं." भाभी बिचाऱ्या हिरमुसल्या. "चाचाजी, मैंने तो आपकी ही..." आणि जीभ चावली. एरवी मा. हसले असते.

६ सप्टेंबर

हिराताई आली. तीन महिन्यांनी. पाटी उतरवायला वाकली आणि तिच्या अंबाड्यावर माझी नजर गेली.

गुलबक्षीची वेणी. काल संध्याकाळची, कोमेजलेली, पण पिवळं आणि राणी दोन्ही दिसत होतं. एक फूल निम्मं निम्मं.

"हिराताई, हे फूल?"

"आमच्या दारचा हाय." पाटीवरचं फडकं सारखं करत, माझ्याकडे न बघता. "वालूत लावलाय. बरा झालाय."

पुढे काही विचारता येईना. मागितलं तर संपलं. तीही देते म्हणाली नाही, शहाणी आहे. "आमची गेली," मी म्हटलं. तिनं आळ्याकडे पाहिलं, मग ओट्यावर भिंतीकडे तोंड करून बसलेल्या मा. कडे. बांगडे दोन जास्त घातले.

मा. ना वेणी दिसली नाही. मी सांगितलंही नाही. डोक्यात दिवसभर एकच.

७ सप्टें.

ह्यांना सांगितलं. हे, "म्हणजे आपण... चोरायचं?" कंपनीत सेफ्टी कमिटीवर आहेत. मी म्हटलं, तुमच्या आईनं चोरलं, तुमच्या बाबांनी पहारा केला. तुम्ही मुलगा कुणाचे?

गणपती होऊन जाऊ दे म्हणाले.

१८ सप्टें., रविवार

नखांत अजून वाळू आहे. हसूही येतंय.

सायकलवर डबलसीट घिवली. मा. ना सांगितलं, ह्यांच्या मित्राकडे जातो. वीजकेंद्राचा रस्ता सोडून आत वळलो की सगळी वाळू आणि सुरूची झाडं. सायकल ढकलत नेली. हिराताईचं घर टोकाला, पुढे बोंबील वाळत घालायच्या काठ्या, आणि भिंतीलगत वाळूचा उंच ढिगारा. ढिगाऱ्यावर गुलबक्षीची चार-पाच झुडपं. पावसाळाभर धुवाधार पाऊस झेलून अशी टवटवीत! पाणी पडतं आणि वाळूतून खाली निघून जातं. मी बघतच राहिले.

हिराताईनं आम्हाला लांबूनच पाहिलं. ओळख दाखवली नाही. दारातून आत तोंड करून मोठ्यानं म्हणाली, "मी जरा दर्यावर जाऊन येतंय गो!" घरात कुणीच नव्हतं. आणि आमच्या समोरून, आमच्याकडे न बघता, निघून गेली. ढिगाऱ्यापाशी खुरपं मात्र पडलेलं होतं. स्वच्छ धुतलेलं.

हे सायकल धरून वळणावर पहाऱ्याला. कुणी आलं तर घंटी वाजवायची ठरलं. मी उकिडवी बसून उकरायला लागते तोच घंटी! मी पदरात तोंड लपवून तशीच थिजले. बघते तर शेळी. शेळीसाठी घंटी वाजवली ह्यांनी! परत उकरायला लागले. गड्डा अजून लहान, गाजराएवढा, पण अख्खा निघाला. कोणतं झुडूप दुरंगी ते कळेना. दुपारची वेळ, सगळी फुलं मिटलेली. अंदाजानं घेतलं.

एका पिशवीत वाळूही भरून घेतली. तीही चोरीचीच.

घरी आल्यावर जुनं आळं मोडलं. सगळं. मग वाळू आणि मुरूम मिसळून गुडघ्याएवढा ढीग केला, त्याच्या टोकावर झाड लावलं. मा. ओट्यावरून कानोसा घेत होते.

"कुटनं आनलंस?"

"चोरलं."

मा. ओट्यावरून खाली उतरले. मग, "पहारा कुनी केला?"

"तुमच्या लेकानं. शेळी आली तर घंटी वाजवली."

आणि मा. हसले. खोकला येईपर्यंत. हेही लाजून हसायला लागले. ह्या बापलेकांना एकत्र हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. हिराताईचं काय करू, तिचे उपकार मानायचीही सोय नाही.

२५ सप्टें.

पानं सगळी गळली. नुसत्या काड्या. मा. जवळ जात नाहीत. पिशवी भरायला सुरुवात केलीय. मी म्हटलं अजून अवकाश आहे. "आटवलं की टाकत जातो."

पण सकाळी ढिगाऱ्याच्या पायथ्याशी ओल होती. आणि मा. हल्ली चूळ भरायला बाहेर जातात. मी मोरीत पाहिलं, नळाखालची बादली कोरडी. पितळी तांब्या पुन्हा तिथं.

६ ऑक्टो.

परतीचा पाऊस झोडपून गेला. मा. अंधूक उजेडात बाहेर गेले, मी मागोमाग. ढिगाऱ्यावर हात फिरवत होते, वरपासून खालपर्यंत. मग बोट आत खुपसलं, पार मुळाशी.

"आत कोरडं हाय," म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "आपल्याकडं खाली बसवायचं. हितं उच्चावर बसवाय लागतंय. म्या देस बदलला, पर हात जुनाच ऱ्हायला."

वर, जुन्या काडीच्या खोबणीत, दोन कोंब. त्यांच्या बोटाला ते माझ्याआधी लागले.

१३ ऑक्टो.

हात हात वाढतेय. किती जिद्दीची जात! मा. नी टेप गळ्यात घातली. पण तिकीट रद्द करायचं नाव नाही. ह्यांनी आज कमाल केली. जेवताना, मान वर करून म्हणाले, "आबा, राहा ना. डोळ्यांचं होऊ दे."

"आन मशीन कोन पुजंल? तिच्या हळदीचं बोट हाय त्या मशीनवर, अजून पुसलं न्हाई."

मला आजवर वाटत होतं हट्ट करतात. हट्ट नाही तो.

१६ ऑक्टो.

कळ्या. पण हिरव्याच, घट्ट. रंग कळत नाही.

१८ ऑक्टोबर

उद्या खंडेनवमी. गाडी आज संध्याकाळी सातची. पिशवी आणि ट्रंक दाराशी. फोटोही काढून पिशवीत ठेवला, खिळा मोकळा. मी सकाळपासून दशम्या केल्या वाटेसाठी, आणि प्रत्येक दशमीला नाक पुसलं.

चार वाजता मा. नी खुर्ची बाहेर मागितली. ढिगाऱ्यापुढे बसलेत. एक कळी फुगलीय, टोकाला रंगाची रेघ आलीय. मी म्हटलं राणी. हे शिफ्ट बदलून लवकर आलेत, हे म्हणतात पिवळा. मा. नुसते वाकून बघतात.

आत्ता हाक मारली. "नलू, माजा चष्मा दे."

"तो पिशवीत आहे, मामंजी. अगदी तळाशी."

"मग काड की."

अख्खी पिशवी ओट्यावर उपसली. फोटो, धोतरं, पंचा, तांब्या, दशम्यांचा डबा, तळाशी चष्मा. चष्मा दिला. विचारलं, "फोटो कुठं ठेवू?" ऐकलं नसेल, नाहीतर उत्तर द्यायचं नसेल. नाक कळीला लागेल इतके वाकलेत.

मी फोटो तूर्त खिळ्याला लावलाय. ओट्यावर कपडे तसेच पसरलेत, आणि मी उंबऱ्यात बसून हे लिहितेय. भोंगा व्हायला अजून थोडा वेळ आहे.